बुकित बातोकच्या चढावरचा किल्ला

सिंगापूरहून आल्यापासून कराडात जो भेटतो तो विचारतो, बापू, काय काय पाहिलंत? त्याला उंच इमारती, पक्षीउद्यान, समुद्रकाठचे दिवे असलं काहीतरी ऐकायचं असतं. ते पाहिलं, नाही असं नाही. आमच्या चिरंजीवांनी, निखिलनं, पहिल्या आठवड्यातच सगळं उरकून टाकलं. पण ते तुम्हाला कुणीही सांगेल, वर मोबाइलवर फोटो दाखवून छळेल. मी सांगणार आहे ते माझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. दोन हजार पंधराच्या दिवाळीत सिंगापूरच्या रस्त्यावरून आपला किल्ला गेला. तो मी बांधला होता, आणि तो रस्त्यावर निघू शकला तो आमच्या सुनेमुळं. सांगताना माझी छाती फुगते. फुगू दे, या वयात दुसरं काय फुगायचं राहिलंय?

आता माझी ओळख. मी उसाच्या ट्रॉल्या बांधणारा माणूस. आयुष्य वेल्डिंगच्या ठिणग्यांत गेलं. साखर कारखान्यापुढं हंगामात मैलभर रांग लागते, त्या रांगेतली माझी ट्रॉली मी लांबून ओळखतो. तेव्हा ओझं, चाक आणि आकडी या विषयात मला कुणी शिकवायचं म्हणजे जरा अवघडच काम. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढची गंमत कळेल.

बुकित बातोक

निखिलचा फ्लॅट बुकित बातोकला, बाराव्या मजल्यावर. बुकित म्हणजे टेकडी, हे मला तिथं गेल्यावर कळलं, आणि गुडघ्यांना माझ्या आधी कळलं. खिडकीतून बांबू बाहेर काढून त्यावर धुणं वाळत घालायची तिथली पद्धत. आमची ही पहिल्या दिवशी बांबूला हात लावायला तयार नव्हती, साडी खाली कुणाच्या डोक्यावर पडली तर काय घ्या. आठवड्याभरात मात्र शेजारच्या मलाय बाईला साडी वाळत घालायच्या घड्या शिकवायला लागली.

खाली इमारतीच्या पोटातच मोकळी जागा असते, तिथं म्हातारे पटावर सोंगट्या मांडून बसतात. आपल्याकडं पारावर बसतात तसंच, फक्त कुणी राजकारणावर बोलत नाही आणि कुणी थुंकत नाही. जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांत, करी पफ नावाचा पदार्थ मिळतो. बघितलं तर हुबेहूब करंजी! मी सारण गोड असेल म्हणून मोठा घास घेतला आणि आतून तिखट बटाटा निघाला. ही म्हणाली, करंजीला नजर लागली वाटतं. पण नंतर रोज सकाळी मी दोन खात होतो.

एक दिवस जुन्या दगडखाणीत केलेली बाग बघायला गेलो. मधे तळं आणि पलीकडं सरळ उभा काळा कडा. तो कडा बघितला आणि मला सह्याद्रीची आठवण येऊन भरून आलं. दोन चांगले धोंडे काठावर दिसले, तेव्हा मी निखिलला म्हणालो, गाडी घेऊन आलो असतो तर उचलले असते. पोरगं पांढरंफटक पडलं. इथला दगड हलवला तर दंड होतो म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, बघतोय फक्त.

धोंड्यांवर डोळा का होता, तर किल्ल्यासाठी. ही कल्पना आमच्या सुनेची, मुग्धाची. मुग्धा सांगलीची, मेकॅनिकल इंजिनिअर. तुआसला बंदराकडं तिची कंपनी आहे, आणि अवजड सामान हलवायचा हिशेब ती करते. कुठला बोजा कुठल्या ट्रेलरवर चढवायचा आणि तो ट्रेलर कुठल्या गाडीला जोडायचा, हे ती ठरवते. लग्नात ही माहिती मी फारशी मनावर घेतली नव्हती. कागदावर ओझी ओढते पोरगी, असं म्हणायचो.

तर बुकित बातोकच्या कम्युनिटी क्लबनं दिवाळीला सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक ठेवली होती. तमिळ, मलाय, चिनी अशा सगळ्यांच्या गाड्या आदल्या वर्षीही होत्या. आपली मराठी मंडळी दरवर्षी सगळ्यांच्या मागून लेझीम खेळत चालायची. मुग्धानं क्लबच्या लोकांना गाठून पटवलं की या वर्षी आमचीही गाडी असेल आणि तिच्यावर दिवाळीचा किल्ला असेल. क्लबनं मान्य केलं, पण अट घातली: गाडी आणि बोजा जुळतो अशी जाणत्या इंजिनिअरनं सही करायची, सही नसेल तर गाडी निघणार नाही. मुग्धानं आपलं नाव दिलं.

तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष जोशी, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांचं म्हणणं होतं, नसती उठाठेव कशाला, पताका धरून चालू की. गाडी ऐन वेळी निघाली नाही तर सगळ्यांसमोर शोभा होईल आणि पुढच्या वर्षी क्लब आपल्याला दारात उभं करणार नाही. ते खोटं नव्हतं. मुग्धानं सगळ्यांदेखत सांगितलं, निघेल, मी बघते. एवढ्या एका वाक्यावर ती उभी होती.

तुआसची शेड

गाडी होती टॅन अंकलची. टॅन अंकल म्हणजे माझ्याच वयाचे चिनी गृहस्थ, समारंभांना स्टेज आणि सजवलेल्या गाड्या पुरवायचा त्यांचा धंदा. तुआसला त्यांची मोठी शेड. इंग्रजी आम्हा दोघांचंही सारखंच तुटकं, त्यामुळं गप्पा झकास जमल्या. मी त्यांना हिच्या हातच्या चकल्या दिल्या, त्यांनी मला काळी कॉफी पाजली. तसली कॉफी प्यायल्यावर माणूस दोन दिवस जागा राहावा.

त्यांचा पिकअप आणि ट्रेलर यांची जोडणी मात्र मी जन्मात बघितली नव्हती. आपली ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागं आकडीला लागते. इथं पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वरच, एक जाड लोखंडी ताटली बसवलेली. त्या ताटलीला हे लोक पाचवं चाक म्हणतात. ट्रेलरची मान त्या ताटलीवर येऊन टेकते आणि मानेखालची खुंटी तिच्यात अडकते. वळताना ट्रेलर कसा लोण्यासारखा फिरतो. मी तासभर नुसता तेच बघत उभा होतो.

मी विचारलं, ओढते किती? अंकलनी बोटांनी साडेतीन दाखवलं. साडेतीन टन. मी हसलोच. आमच्याकडं एकामागं एक दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर जो ऊस नेतो, त्यापुढं हे म्हणजे खेळणं. मग मी किल्ला मनासारखा बांधायला घेतला.

जोशींच्या डोक्यात थर्माकोलचा किल्ला होता. मी म्हटलं, थर्माकोलमधून काय टीव्ही यायचाय? दिवाळीचा किल्ला मातीचाच असतो. खाली लोखंडी चौकट केली, तिच्यावर विटांचे तुकडे, गोणपाट आणि रोपवाटिकेतून पोती पोती आणलेली लाल माती. तटबंदी, माची, बालेकिल्ला, वर सिंहासनावर महाराज. आणि पुढच्या बाजूला, अगदी ट्रेलरच्या मानेशी, दोन भरभक्कम बुरूज आणि त्यांच्यामधे दरवाजा. बुरूज मी स्वतः थापले. टॅन अंकल अंगठा वर करून गेले. खोटं कशाला बोलू, माझे मलाच आवडले.

किल्ला सुका असताना मुग्धानं सगळं वजन करून बघितलं आणि ठीक आहे म्हणाली. नंतर तिच्या कंपनीचं काम निघालं आणि पुढचे दिवस ती शेडकडं फिरकली नाही. इथंच घोळ झाला, आणि तो घोळ मराठी माणसाशिवाय जगात कुणी करणार नाही.

दिवाळीच्या किल्ल्यावर हिरवळ लागते. लिटल इंडियातल्या दुकानातून मी आळीव आणि मोहरी आणली आणि सगळ्या उतारांवर पेरली. पेरलं म्हणजे पाणी आलं. मी सकाळी घालायचो. ही दुपारी डबा घेऊन आली की दोन तांबे घालायची, कारण माझ्यावर तिचा विश्वास नाही. जोशी ऑफिसातून परस्पर येऊन पाइप धरायचे, लहानपणी पुण्यात मी हेच करायचो म्हणायचे आणि डोळे पुसायचे. मंडळातल्या बायका पोरांना घेऊन यायच्या, त्या प्रत्येक पोराला एक एक मग. कुणी कुणाला विचारलं नाही. जो तो येतो, कोंब बघतो, खूश होतो आणि पाणी घालतो. हिरवळ अशी तरारली की काय सांगू! आणि खालची माती मुकाट्यानं पाणी पीत गेली.

काटा

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सकाळी मुग्धा सही करायला आली. जोशी आले, मंडळाची पाचदहा माणसं आली. अंकलनी ट्रेलरची मान ताटलीवर उतरवली आणि पिकअप मागून खाली बसला. शेपूट जमिनीकडं, तोंड आभाळाकडं.

मुग्धा पुढं झाली. किल्ल्याभोवती एक चक्कर मारली, बुरजात बोट खुपसलं, बोट चिखलानं भरून बाहेर आलं. मग अंकलना म्हणाली, काट्यावर घेऊ. शेजारच्या भंगाराच्या आवारात वजनकाटा होता, हळूहळू तिथं गेलो. मला वाटलं, बरं झालं, एकदाचा आकडा दिसू दे.

सगळ्या ट्रेलरचं किल्ल्यासकट वजन साडेतीन टनाच्या आत आलं. मी जोशींकडं बघून मिशीवरून हात फिरवला. पण मुग्धाचं झालं नव्हतं. तिनं नुसत्या पिकअपचं वजन केलं. मग ट्रेलर जोडून फक्त पिकअपची चाकं काट्यावर ठेवायला सांगितली, ट्रेलरची चाकं काट्याबाहेर. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला, की ट्रेलर पिकअपच्या पाठीवर किती बसतो ते कळतं. ते निघालं अकराशे किलोच्या वर. आणि पिकअपच्या पाठीला माणसं धरून सगळं मिळून एक टनच सोसतं.

मी म्हणालो, ओढतेय तर खरी. आमच्याकडं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली की बोनेटवर दोन माणसं बसवतात आणि जातात. मुग्धानं ते भाषांतर करून अंकलना सांगितलं. अंकलना तो विनोद वाटला, पोट धरून हसले. मी विनोद केला नव्हता.

तेव्हा मुग्धा माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"बापू, ओढायचं वजन वेगळं आणि पाठीवर घ्यायचं वजन वेगळं. तुमच्या ट्रॉलीला पुढं-मागं दोन्हीकडं चाकं असतात, ती आपलं ओझं आपण उचलते. या ट्रेलरला पुढं चाक नाही. तुमचे बुरूज पिकअपच्या पाठीवर बसलेत. उद्या चढावर पुढची चाकं हलकी झाली आणि स्टिअरिंग लागलं नाही, तर बाजूला लोक उभे असतील. बुरूज उतरवल्याशिवाय मी सही करणार नाही."

मला राग आला. कान तापले. सून सासऱ्याला चारचौघांत सांगते, आणि तेही ओझ्याबद्दल! जोशींनी लगेच संधी साधली, तरी मी म्हणत होतो, पताकाच बऱ्या होत्या. मी जाऊन एका टायरवर बसलो. अंकलनी कॉफी आणली, घेतली नाही. ही शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, पिकअपला बिचाऱ्याला रुसता येत नाही, म्हणून तो नुसता खाली बसलाय. तुम्ही कशाला बसलात?

टायरवरून पोरीकडं बघत होतो. बाकीचे सगळे तिच्याकडं बघत होते. तिची कंपनी इथली, नाव इथलं, शब्द तिनं दिलेला. डोळे मिटून सही केली असती तर सासरा खूश, अध्यक्ष खूश, आणि कदाचित काही झालंही नसतं. तरी ती काट्याजवळ उन्हात उभी होती आणि हलत नव्हती. कारखान्याच्या रांगेत मी कितीएक मोठी माणसं बघितली, जास्त भरलेल्या गाडीला नाही म्हणणारं माणूस एकही नाही. माझा राग तिथं उतरला. बोजा समजला तो या पोरीलाच, असं स्वच्छ वाटलं.

मी उठलो आणि विचारलं, बुरूज मोडायचे कशाला? किल्ला उलटा फिरवला तर? चौकट मी बोल्टवर घेतली होती, अख्खा किल्ला उचलून फिरवता येत होता. बुरूज मानेकडून निघतील आणि मागं ट्रेलरच्या चाकांवर येतील. मुग्धानं क्षणभर विचार केला. म्हणाली, फिरवा, पण फार मागं नको. मान अगदीच हलकी झाली तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो.

मग काय विचारता! अंकलनी फोर्कलिफ्ट आणली. आम्ही तळातली ओली माती खणून पोती भरली, बोल्ट सोडले, किल्ला उचलला, फिरवला, बसवला. काट्यावर नेला, तर मान हलकी. वीतभर पुढं सरकवला, पुन्हा काटा. पाठीवरचं वजन बेतात आलं, एक चालक आणि एक माणूस बसेल एवढंच. पिकअपचं तोंड खाली आलं. मुग्धा आणि मी, दोघं कोपरापर्यंत लाल. ती पान्यानं बोल्ट आवळत होती आणि मी मागून तपासत होतो. एकही ढिला सापडला नाही.

जोशींची शेवटची शंका उरली होती. दरवाजा मागं गेला. समोरून येणाऱ्या लोकांना नुसता तट दिसणार, हा काय किल्ला झाला? मुग्धा हात पुसत म्हणाली, "काका, महाराजांच्या किल्ल्यांचा दरवाजा समोरून कधी दिसतो का? शत्रूला सापडू नये म्हणून बुरजाआड वळवून ठेवलेला असतो. आता कुठं आपला किल्ला खरा झाला." जोशींनी हात जोडले. मला हे सुचायला हवं होतं, पण मला नाही सुचलं, तिला सुचलं. मी तिथंच मोठ्यानं म्हणालो, वा रे पोरी! मुग्धानं सही केली.

चढ

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी किल्ल्यावर ताडपत्री बांधून आम्ही तुआसहून निघालो. मागून निखिलच्या गाडीत मी बसलो होतो. कंटेनरचे भलेमोठे ट्रेलर शेजारून सणसणत जात होते आणि त्यांच्यामधून आपला किल्ला एका लेनमधून सभ्यपणे चालला होता. एकदा वाऱ्यानं ताडपत्रीचं टोक उडालं आणि आळिवाचा हिरवा उतार दिसला. शेजारच्या बसमधल्या सगळ्यांनी मोबाइल वर केले.

संध्याकाळी बुकित बातोकला रस्ता दोन्ही बाजूंनी भरला. तमिळ मंडळींचा मोर पुढं, मलाय मंडळींची होडी त्यामागं, चिनी मंडळींचे कागदी कंदील, आणि मग आपण. सगळ्यांच्या डोक्याला फेटे. जोशींनी जाहीर करून टाकलं होतं की ज्येष्ठ म्हणून बापू चालकाशेजारी बसतील. मला हारही घातला.

अंकलनी दार उघडलं. मी पायरीवर पाय ठेवला आणि काढला. माझं वजन नव्वदीच्या घरात, मुग्धाचं पन्नासच्या आसपास. बेतात आलेला हिशेब मी काल डोळ्यांनी बघितला होता. मी हार काढून तिच्या गळ्यात घातला. ती म्हणाली, बापू, हे काय, तुमचा मान आहे. सगळे थांबले होते, ढोलवाल्यांनी टिपरूही खाली केलं.

मी म्हणालो, "सही तुझी आहे. गाडीत तू बसायचंस."

ती बसली. मी आणि ही किल्ल्यामागं चालायला लागलो. दरवाजा आता आमच्या बाजूला होता, त्याच्या मागोमाग ढोल, त्याच्या मागोमाग लेझीम. सपाटीवर काहीच वाटलं नाही. मग चढ आला. माझे गुडघे बोलायला लागले, पण माझं लक्ष पिकअपच्या पुढच्या चाकांकडं होतं. बाजूनं मान काढून काढून बघत होतो. चाकं रस्त्याला धरून होती, वळणावर स्टिअरिंग फिरलं तशी फिरली. किल्ला तसूभर हलला नाही. महाराज सिंहासनावर ताठ. लोक टाळ्या वाजवत होते. ढोल असा घुमत होता की बाराव्या मजल्यावरची माणसंसुद्धा धुण्याच्या बांबूंमागं येऊन उभी राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

चढाच्या मध्यावर एक चिनी आजीबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. माझा फेटा बघून त्यांनी मला हात केला, पुढं जाणाऱ्या गाडीकडं बोट दाखवलं आणि हसून विचारलं, "युवर्स, आह?"

मी किल्ल्याच्याही पुढं, पिकअपच्या खिडकीकडं बोट केलं. खिडकीतून मुग्धा मागं वळून ट्रेलरची मान तपासत होती.

"माय डॉटर," मी म्हणालो.

हिनं मला कोपरानं ढोसलं. "इन-लॉ राहिलं की हो."

"राहू दे," मी म्हणालो. "चढ आहे. नसतं वजन कशाला?"